बाजूचं बूच

रविवारी सकाळी प्रतिभा ट्रंकेला कुलूप लावून बाहेर आली, तर दारातल्या गाडीखालून नवऱ्याचे दोन पाय बाहेर आलेले आणि पायांशेजारी तिची कणकेची परात. परातीत काळंकुट्ट तेल. आता या बाईने काय करावं, तुम्हीच सांगा.

सोमवारी अकराच्या आत तिला भोपाळला हजर व्हायचं होतं. मध्य भारत जाऊन नवा मध्य प्रदेश झाला होता. उज्जैनमधलं तिचं ऑफिस गुंडाळलं होतं, आणि भोपाळला टायपिस्टच्या जागा होत्या पंचवीस, नावं चाळीस. जो पहिल्या दिवशी हजर नसेल त्याची जागा पुढच्याला, असा साफ हुकूम होता. सात वर्षांची नोकरी त्या एका सकाळवर लटकली होती. म्हणूनच तिने बसचं तिकीट आधीच काढून ठेवलं होतं. यज्ञेश्वरने ते परत केलं. दारात गाडी असताना बायको बसमध्ये धक्के खात जाणार, लोक काय म्हणतील, मी सोडतो तुला, असं म्हणाला. प्रतिभालाही तेव्हा बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोला. त्याची नोकरी इथल्या बँकेत, त्याला कुठे जायचं नव्हतं.

गाडी त्याच्या काकांकडून, भय्यासाहेबांकडून आलेली. वीस वर्षांची, ऐंशी हजार मैल पळालेली. यज्ञेश्वरच्या हाती येऊन चार वर्षं झाली, तेवढ्या काळात गिअरबॉक्सच्या तेलाची त्याला कधी आठवण झाली नव्हती. ती नेमकी आज झाली. निघायच्या दिवशी हे काय काढलंत, असं तिने विचारलं, तर खालून उत्तर आलं की लांबचा रस्ता आहे, जुनं तेल पार जळून गेलंय, अर्ध्या तासाचं काम. तिने दात-ओठ खात आत जाऊन दशम्या बांधल्या. अर्ध्या तासाचा तास झाला, तासाचे दोन झाले.

काम तसं साधं होतं. गिअरबॉक्सचं खालचं बूच काढून जुनं तेल सोडायचं आणि बाजूचं बूच काढून नवीन भरायचं. खालचं निघालं होतं. बाजूचं काही केल्या निघेना. गंजून घट्ट बसलेलं. पाना घसरला, रॉकेल ओतून झालं, हातोडा मारून झाला, आणि बुचाचे कोपरेच झिजून ते गुळगुळीत झालं. आतलं तेल सगळं परातीत, नवीन तेलाचा डबा बाजूला उभा, आणि आत घालायला वाट नाही. कोरड्या गिअरबॉक्सने गाडी देवासपर्यंतसुद्धा गेली नसती.

प्रतिभा चपला घालून तडक बसस्टँडवर गेली. तिथे हीऽऽ गर्दी. निम्म्या शहराची ऑफिसं भोपाळला निघालेली, टपावरसुद्धा माणसं बसलेली. सोमवार संध्याकाळपर्यंत एक सीट नाही. आगगाडी सकाळीच निघून गेली होती, पुढची पोचणार उद्या दुपारी. म्हणजे सगळे दरवाजे बंद. तिला नवऱ्याचा असा काही संताप आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून आणखीच संताप आला. येताना माधव नगरातल्या गोपाळ मिस्त्रीला तिने जेवत्या ताटावरून उठवून आणलं.

गोपाळने गाडीखाली डोकं घातलं, च्च च्च केलं आणि सांगितलं की बूच आता भोक पाडूनच काढावं लागेल, त्याचं सामान उद्या दुकान उघडल्यावर. उद्या म्हटल्यावर प्रतिभा गाडीतच जाऊन बसली. समोर गिअरचा दांडा. हा दांडा खाली कुठे जातो, असं तिने गोपाळला विचारलं. गिअरबॉक्समध्येच, दुसरीकडे कुठे जाणार? मग दांडा ज्या भोकातून जातो त्यातून तेल का जाणार नाही? गोपाळने दांड्याच्या बुडाचे चार स्क्रू काढले, दांडा झाकणासकट उचलून बाहेर घेतला, खालचं बूच आवळलं आणि प्रतिभाने रॉकेलचं नरसाळं धरलं. परातीत जेवढं निघालं होतं तेवढं मापून ओतलं. दांडा परत बसवून चाक वर उचलून फिरवून पाहिलं, सगळे गिअर पडले. तिला इतकं हलकं वाटलं की तिने गोपाळला दशम्यांतल्या दोन बांधून दिल्या.

गोपाळ हात पुसत तिला म्हणाला, "बाईजी, साहब को मैंने परसों दो बार समझाया था. पहले बगल वाला खोलना. वो न खुले, तो नीचे वाला छूना भी मत."

तो गेला. यज्ञेश्वर पाना पुसत होता. पाना केव्हाच स्वच्छ झाला होता, तरी पुसत होता.

"तुम्हाला माहीत होतं," प्रतिभा म्हणाली.

तो खाली बघत म्हणाला, "बाजूचं आधीच पाहिलं होतं मी. पहाटे. हललं नाही. मग खालचं काढलं." आणि थोड्या वेळाने, "तू गेल्यावर संध्याकाळी बँकेतून या घरात यायचं कसं, तेच मला समजत नाही."

लग्नाच्या सात वर्षांत हा माणूस असं काही बोलला नव्हता. एरवी ती विरघळली असती. आज तिला फक्त ती गर्दी आठवत होती, आणि त्या गर्दीत डोळ्यांत पाणी घेऊन उभी असलेली आपण.

"नुसतं जाऊ नकोस म्हणाला असतात," ती म्हणाली, "तर मी राहिले असते. खरंच राहिले असते. आता नाही. ट्रंक उचला."

त्याने ट्रंक उचलली. बारा वाजता गाडी देवासच्या रस्त्याला लागली. परत कधी येशील, हे त्याने भोपाळपर्यंत विचारलं नाही, आणि तिनेही आपण होऊन सांगितलं नाही.