म्हसोबाच्या टेकाडावरचा बीच

विश्वंभरनं बायकोला बेटावरच्या बीचवर नेलं. बीच म्हणजे काय, तर धरणात बुडालेल्या जुन्या गावाचं टेकाड. पाणी चढलं तेव्हा तेवढंच वर उरलं. आता कुणीतरी त्यावर झोपड्या बांधल्या, नावेनं रेती आणून पसरली, प्लास्टिकची नारळाची झाडं रोवली आणि मोबाइलवर निळ्याशार पाण्याचा फोटो टाकला. ते पाणी कुठलं होतं, ते टाकणाऱ्यालाच ठाऊक.

उन्हाळ्यानं धरण आटलेलं. रेती आणि पाणी यांच्यामध्ये काळ्या गाळाचा पट्टा, आणि गाळात पांढरी पोटं वर करून पडलेले मासे. आरोहीनं ओढणी नाकाला लावली. विश्वंभरनं काळा चष्मा लावला.

"वास येऊन राहिला हो."

"समुद्राचा असाच राहते."

समुद्र त्यानं पाहिला नव्हता. पण जवळा बाजार या गावात त्याचं खताचं दुकान. वासाचं त्याला काही वाटत नसे, आणि न पाहिलेल्या मालाची हमी द्यायची तर रोजची सवय.

आरोहीला बीचची हौस नव्हतीच. तिला एक उत्तर पाहिजे होतं. नर्सिंग झालेलं, हिंगोलीच्या एका दवाखान्यात नोकरी लागलेली, सोमवारी हजर व्हायचं होतं. त्यासाठी हिंगोलीत खोली करणं आलं. घरी विषय काढला की विश्वंभर आवाज खाली करायचा. "माय न्हाई म्हणून राहिली. थांब, मी समजावतो." सासूशी तिचं बोलणं मीठ-भाकरीपुरतं, जे काय जायचं-यायचं ते विश्वंभरच्या तोंडून. शेवटी तोच म्हणाला, कुठंतरी दोघंच जाऊ, तिथं शांतपणे ठरवू.

झोपडीतल्या उशीवर आधीच्या कुणाच्या तरी तेलकट डोक्याचा डाग होता आणि गादीवर केस. आरोही पलंगाच्या कडेला टेकली.

"सोमवारचं काय करायचं?"

"आगं, आल्या आल्या काय? आधी मूड तर बनू दे."

मूड बनायच्या आत नावेचं इंजिन वाजलं. प्रेमसिंग नावाडी, त्यांना सोडून गेला तोच, भरलेली नाव घेऊन येत होता. पुढं सासू द्वारकाबाई, मागं चुलत सासरे उकंडराव, त्यांच्यामागं भाऊकी, पातेली, आणि मधोमध कपाळाला गुलाल लावलेलं बकरं.

"म्हसोबाचा नवस," विश्वंभर चष्मा पुसत म्हणाला. "आपल्या लग्नाचा. जोडीनं पाया पडा लागते. देव ह्याच टेकाडावर हाय ना आमचा. आता आलोच हाओत, तर..."

"तुमाला ठाऊक व्हतं?"

उत्तर उकंडरावांनी दिलं, नावेतून उतरता उतरता. "व्हय सूनबाई! बकरं त्यानंच निवडलं. म्हणे एकाच खेपेत देव बी व्हईल अन् बायको बी खूश. लई हुशार पोरगं!"

म्हसोबा झोपड्यांच्या मागं होता, शेंदूर फासलेला. जोडीनं पाया पडून झालं. बकरं कापलं. माश्या माशांवरून उठून आतड्यांवर बसल्या. भाऊकीनं वजडी धुतली ती नेमकी जिथं पोहायची पाटी होती तिथंच. उकंडराव पातेल्यापासून हलले नाहीत. मुंडीवर मान वडिलकीचा, असं ते बकरं जिवंत असल्यापासून सांगत होते. बकऱ्यापेक्षा त्यांनाच घाई.

पंगत बसली. आरोही भरली पत्रावळ हातात घेऊन नवऱ्यासमोर बसली. तो नळी चोखत होता.

"आता सांगा. सोमवारी जाऊ का मी?"

त्यानं नळी खालच्या दगडावर आपटली, तोंडात धरून ओढली. रस्सा हनुवटीवरून बनियनवर उतरला. "मायला अजून एकदा इचारतो," तो हळूच म्हणाला. "तीच न्हाई म्हणून राहिली न्."

पंगतीत हळू आवाजच जास्त लांब जातो.

"काय न्हाई म्हणून राहिले मी?" द्वारकाबाईंनी मान वर केली.

"काही न्हाई माय. तू जेव."

"हिंगोलीच्या नोकरीला, आत्याबाई," आरोही म्हणाली. "सोमवारी जायचंय. तुमी नको म्हणता, असं हे सांगतात."

द्वारकाबाईंचा घास हातातच राहिला. "मी? मला त हा म्हणला, तुलाच जायचं न्हाई! मी आपली गल्लीभर सांगून राहिले, सून शिकली पण आळशी निघाली."

"जेवताना काहून हे?" उकंडराव कळवळले. "मुंडी कोणाच्या पत्रावळीत गेली, ते पाहा आधी."

विश्वंभर हसायला गेला. दातात मांसाचा दोरा अडकला होता. दोघी बायका त्याच्याकडे बघत होत्या, आणि वर्षभरात पहिल्यांदाच दोघींच्या तोंडाचा आकार सारखा झाला होता. किडकं वांगं चिरल्यावर होतो तसा.

"तोंड पूस," द्वारकाबाई लेकाला म्हणाल्या. मग सुनेला, "जाय तू. मला काय? तुझ्या हातच्या भाजीला तशी बी चव राहत न्हाई."

आरोही उठली. झोपडीतून बॅग आणली. प्रेमसिंगला कुणी अजून वाढलंच नव्हतं. तिनं न उष्टावलेली पत्रावळ त्याच्या हाती दिली. "पलीकडं सोडून मग जेवता का, भाऊ?"

नाव ढकलली तेव्हा विश्वंभर गाळात पोटरीपर्यंत रुतून उभा होता, नळी अजून हातात.

"आगं, थांब की! उद्याचा नाश्ता बी झोपडीच्या भाड्यातच हाय!"

"हिंगोलीची जीप कुठून मिळंल, भाऊ?" आरोहीनं विचारलं.

"जवळा बाजारावरून," प्रेमसिंग म्हणाला, आणि इंजिनाची दोरी ओढली.