प्लातानाकीच्या वळणावरचा वाकडा आरसा

रस्ते खात्याचे साहेब, मला खोटारडा तुम्ही केलंत. मी जन्मतः तसा नव्हतो. तुम्ही खुर्चीतून उठला नाहीत, म्हणून झालो. आता गुपचूप ऐका. मी मुलांना माझी गोष्ट सांगणार आहे, आणि ती तुमच्यासमोरच सांगणार आहे.

मित्रांनो, मी एक जुना फुगीर आरसा आहे. ग्रीस देशात, पार्नोनच्या डोंगरात, समुद्राकडून प्लातानाकी गावाकडे चढणाऱ्या रस्त्यावर मी एका लोखंडी खांबावर उभा आहे. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी, आणि मध्ये असं वळण की खालून येणाऱ्याला वरचा रस्ता दिसतच नाही. तो दाखवायचा, एवढंच माझं काम.

लारिसाच्या एका कारखान्यात पोलादी पत्रा साच्यात दाबून माझं पोट फुगवलं, चकाकी दिली आणि भोवती लाल कड बसवली. मला इथे उभं केलं त्या दिवशी पाद्रीबाबांनी माझ्यावर पवित्र पाणी शिंपडलं, गावच्या अध्यक्षांनी लांबलचक भाषण केलं आणि मग सगळे मटण खायला निघून गेले. पहिली काही वर्षं माझं फार कौतुक झालं. ट्रकवाले जाताना मला हात करायचे.

पण माझी खरी माणसं म्हणजे मोटरसायकलवरची जोडपी. वसंतात दर रविवारी ती यायची. डोंगरापलीकडच्या आमच्या त्रिपोली शहरातून सकाळी निघायचं, समुद्रावर तळलेले मासे खायचे आणि उजेड आहे तोवर डोंगरातून घरी परतायचं. पुढे बसलेला रस्ता बघतो, मागे बसलेली दरी बघते, आणि दोघं सबंध वाटभर भांडत असतात. मला ते भांडण फार आवडायचं.

त्यातलं एक जोडपं आर्गिरिस आणि वासो. तो नळकाम करायचा, ती बेकरीत कामाला होती. मुलं परदेशी गेल्यावर घर खायला उठलं, म्हणून त्यांनी जुनी मोटरसायकल घेतली. त्यांचा एक नियम होता. चढावर आर्गिरिसने रस्त्यावरची नजर काढायची नाही. माझ्यात बघायचं ते वासोने. मोकळं दिसलं की ती त्याच्या खांद्यावर एक थाप मारायची. काही येत असलं की दोन. त्या एका थापेवर तो डोळे मिटल्यासारखा वळण घ्यायचा.

कधी ती दोघं माझ्याखालच्या खडीवर थांबायची. वासो माझ्यात बघून केस नीट करायची.

"बघ, बटाट्याएवढं नाक दाखवतो मेला."

"त्याच्यावर काय चिडतेस? नाक तुझ्या आईकडून आलंय."

"आईचं नाव काढलंस तर घरी चालत जाशील."

असे ते दिवस होते.

मग एका हिवाळ्यात संत्र्यांच्या पेट्या भरलेल्या ट्रकचा कोपरा मला लागला. मित्रांनो, माझं दुर्दैव असं की मी फुटलो नाही. फुटलो असतो तर लोक सावध झाले असते. मी फक्त चार बोटं फिरलो. खालून बघणाऱ्याला तेव्हापासून माझ्यात वरचा रस्ता दिसत नाही. कड्याचा उतार दिसतो, त्यावरची पिवळ्या फुलांची झुडपं आणि आभाळाचा एक तुकडा. कधीही बघा, तिथे कोणी नसतं. मी दिवसभर सांगत राहतो, या, सगळं मोकळं आहे.

गावातल्यांना हे माहीत होतं. ते हॉर्न वाजवत वळायचे. बाहेरच्यांना कोण सांगणार? गावाने तुमच्याकडे तक्रार केली, साहेब. तुम्ही कळवलंत, आरसा जागेवर आहे. अहो, जागेवर आहे हेच तर दुखणं आहे.

वासोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे त्यांच्या फेऱ्या बंद होत्या. मधलं काहीच त्यांना ठाऊक नव्हतं. मे महिन्यात एका रविवारी खालून ती ओळखीची फटफट ऐकू आली आणि माझा पत्रा आक्रसला. कारण त्याच वेळी वरून सिमेंटचा भरलेला ट्रक उतरत होता. मला तो दिसत नव्हता. ऐकू येत होता. त्याचे ब्रेक दम लागल्यासारखे फुसफुसत होते. असला ट्रक हे वळण रस्त्याची एकच बाजू धरून घेऊच शकत नाही, समोरच्याचा सगळा रस्ता खातो.

खाली ती दोघं दिसली. हेल्मेटं कोपरांना अडकवलेली. आमच्याकडची ही जुनी खोड आहे. डोकं वाऱ्यासाठी, हेल्मेट पोलिसांसाठी.

वासोने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी तिला पिवळी फुलं दाखवली. दुसरं मला काही दाखवताच येत नव्हतं. तिने आर्गिरिसच्या खांद्यावर एक थाप मारली. त्याने गाडीची मूठ पिळून वेग घेतला.

ओरडायला मला तोंड नाही, मित्रांनो.

तेवढ्यात वळणावरून आधी पानागोसकाकांचा लहान टेम्पो खाली आला. म्हातारे मधमाश्या पाळतात. मागे ट्रक आहे हे त्यांना माहीत होतं, समोर मोटरसायकल दिसली. त्यांनी दिवे उघडझाप करून दोनदा डिपर मारला.

आमच्या रस्त्यांवर डिपरचा अर्थ एकच. पुढे पोलीस.

आर्गिरिसने करकचून ब्रेक दाबला आणि गाडी खडीवर घेतली.

"पोलीस आहेत. घाल लवकर."

"तरी निघताना म्हटलं होतं, घाल. तुला केस उडवायची हौस, आणि ते आहेत किती?"

"बोल नंतर. माझा पट्टा लागत नाहीये."

"हनुवटी वर कर. कर ना वर."

तिची बोटं त्याच्या हनुवटीखाली होती तेव्हा ट्रक आला. तो सबंध रस्ता व्यापून वळला. त्याचं मागचं चाक खडीच्या काठावरून घासत गेलं. धूळ खाली बसली तरी दोघं तशीच उभी होती, तिचा हात त्याच्या पट्ट्यावर.

पानागोसकाका गाडी वळवून परत आले.

"काका, पोलीस कुठे आहेत?" आर्गिरिसने विचारलं.

"कसले पोलीस? ट्रकसाठी मारला डिपर. इथे शेवटचा पोलीस आला होता तो लग्नाचं जेवायला."

ऐकलंत, साहेब? त्या वळणावर सरकारचं कोणीही नव्हतं. पोलिसांच्या दंडाची भीती तेवढी होती, आणि तिने दोन जीव वाचवले. तुमच्या न केलेल्या कामाने ते जवळजवळ घेतले होते.

वासो माझ्याकडे बघत होती. "मी बघून सांगितलं तुला," ती आर्गिरिसला म्हणाली. "नीट बघून मोकळं सांगितलं. माझ्या हाताने मारलं असतं तुला."

तो खांबावर चढला. माझा नट गंजून घट्ट झाला होता, त्याच्याकडे मोटरसायकलचे चिमुकले पाने. बोटं सोलून निघाली, मी हललो नाही. शेवटी वासोने पिशवीतला पोहण्याचा टॉवेल काढला आणि आर्गिरिसला तो माझ्या तोंडावर करकचून बांधायला लावला.

"राहू दे आंधळा. निदान कोणी विश्वास ठेवणार नाही."

मित्रांनो, ते माझे सगळ्यात चांगले दिवस. माझं बांधलेलं तोंड बघून प्रत्येक गाडी हळू व्हायची.

आणि मग तुमची माणसं आली, साहेब. तक्रारीनंतर कधी न आलेली, टॉवेल बघून आठवड्याच्या आत आली. एक शिडीवर चढला. त्याच्या हातात मोठा पाना होता.

"वाकडाय हा," तो म्हणाला. "वर आलोच आहे तर फिरवतो."

खालच्याने फोन लावला, ऐकलं आणि बंद केला. "साहेब नाही म्हणतायत. फडकं काढायला पाठवलंय, फडकं काढ आणि खाली ये."

त्यांनी मला पुन्हा खोटं बोलायला उघडं केलं आणि ते गेले.

पुढच्या रविवारी आर्गिरिस आणि वासो आली. त्याने खडीवर इंजिन बंद केलं. ती उतरली, दुखरा गुडघा ओढत वळणापर्यंत चालत गेली, वरचा रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आणि हाताने त्याला बोलावलं. माझ्याकडे तिने मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही.

मुलांनो, मोडलेली वस्तू सगळ्यांना दिसते. बिघडूनही धड दिसणारी वस्तू माणूस मारते. अशी वस्तू दिसली तर गप्प बसू नका, ती नीट होईपर्यंत मोठ्यांचा पिच्छा सोडू नका.

आणि साहेब, शिडी लागलेली होती, माणूस वर चढलेला होता, पाना त्याच्या हातात होता. तेव्हा फोनवर तुम्ही 'नाही' असं का म्हणालात? उत्तर द्या.