पायानं काढलेली रांगोळी

पूर्णेच्या रेल्वे कॉलनीत नर्मदाबाईंच्या तोंडाला सगळ्या बाया टरकून असत. गणपतीतल्या रांगोळी स्पर्धेच्या त्या कायमच्या परीक्षक. कुणाची रेघ ठिपका चुकवून गेली, की चारचौघांत म्हणायच्या, "पुसा ते. अंगण खराब करू नका." शेजारची पंचफुला एका वर्षी स्वतःच्या हातानं पुसून रडत घरी गेली होती. नर्मदाबाईंना त्याचं काडीचंही वाईट वाटलं नव्हतं.

टीव्हीवरचंही त्यांना काही पटत नसे. एकदाच पटलं, अठ्ठ्याऐंशी साली. परदेशी खेळांच्या कार्यक्रमात एक पोरगी बर्फावर घसरत होती. बुटांना खाली पाती लावलेली. एका पायावर तोल सांभाळत तिनं एकाला एक चिकटलेली दोन वर्तुळं काढली, मग त्याच रेघेवरून पुन्हा फिरली, पुन्हा फिरली. ती बाजूला झाल्यावर कोटवाले पंच ओणवे होऊन रेघ तपासू लागले.

"रेघ फाटली की मार्क कापत्यात, आत्याबाई," इंग्रजी ऐकून सून हेमानं सांगितलं.

"म्हंजे रांगोळीच की. पायानं काढलेली." एवढं कौतुक नर्मदाबाईंनी सख्ख्या लेकाचंही केलं नव्हतं.

चार वर्षांनी तोच खेळ पुन्हा लागला. चहा तसाच ठेवून त्या पुढं सरकून बसल्या. पण वर्तुळं काही येईनात. चमचमते तोकडे कपडे, ढणाढणा वाजणारं गाणं आणि नुसत्या उड्या.

"ते बंद केलं आता," हेमा म्हणाली. "बघणाऱ्यांना कंटाळा यायचा म्हणं."

तेवढ्यात हवेत गरगरणारी पोरगी दाणकन आपटली. उठली, हसली, परत नाचू लागली, तशा टाळ्याच टाळ्या. शेवटी पदकही तिच्याच गळ्यात पडलं.

"आपटली तरी टाळ्या? बघणारे आंधळे अन् नाचणारी निलाजरी. गारुड्याची माकडं बरी."

"पडून उठली म्हणून वाजवल्या, आत्याबाई."

"पडायचंच कशाला म्हणते मी?"

त्याच वर्षी गणपतीच्या आधी मंडळाचे अध्यक्ष किशनराव दारात आले. पुढच्या सालापासून ठिपक्यांची रांगोळी बंद, म्हणाले. रंग भरलेली चित्रं तेवढी ठेवायची. मोर, नाहीतर सिनेमातल्या नट्या. "लोकांना कंटाळा यायलाय, काकू."

तेच शब्द ऐकून नर्मदाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "यंदा परीक्षक दुसरे बघा. मी सवता काढते. लोकांनी थांबून बघितली तर ठिपके ऱ्हायले पाहिजेत." किशनराव कबूल झाले.

स्पर्धेच्या दिवशी हेमानं ठिपक्यांचा कागद पुढं केला, भोकं पाडलेला. वरून रांगोळी फिरवली की खाली ठिपके तयार. "नजर पहिल्यावाणी ऱ्हायली न्हाई तुमची. घ्या."

"कागद घेणाऱ्या बायांना मी जन्मभर हसले. चुलीत घाल त्यो."

त्या चिमटीनं ठिपके टाकत गेल्या. पलीकडं पंचफुला चाळणीनं एका नटीच्या गालावर गुलाबी रंग भुरभुरत होती. नर्मदाबाईंनी तिकडं पाहून नाक मुरडलं. रेघा भराभर जुळत गेल्या आणि अगदी शेवटी, वरच्या कोपऱ्यात, रेघेला ठिपकाच सापडेना. टाकताना त्या ओळीत एक कमी पडला होता आणि बाकीचे सरकून बसले होते. नीट करायचं तर आता सगळंच पुसावं लागणार. त्यांनी हळूच इकडंतिकडं पाहिलं आणि रेघ शेजारच्या ठिपक्यावर रेटून नेली.

मग लोक जमले. नवे परीक्षक वाकून वाकून बघून गेले. "वा काकू, काय हात हाय," किशनराव म्हणाले. टाळ्या वाजल्या. पहिला नंबर, स्टीलचा डबा, आणि ठिपके पुढच्या वर्षीही राहणार. नर्मदाबाई एकेक तोंड न्याहाळत होत्या. इतकी वर्षं ओरडून शिकवलं, पण एकीलाही दिसू नये? त्यांना सगळ्यांची किळस आली.

घरी आल्यावर हेमा भाजी चिरता चिरता म्हणाली, "वरच्या कोपऱ्यात ठिपका कमी पडलाय, आत्याबाई."

नर्मदाबाईंच्या हातातला डबा तसाच राहिला. "तुला दिसलं?"

"टाकतानाच दिसलं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमच्यावाणी चारचौघांत?" हेमानं विळीवरून मान वर केली. "मी टाळ्या वाजवल्या. पडून उठल्यावर वाजवत्यात की."

आपटून टाळ्या घेणाऱ्या ज्या पोरीला नर्मदाबाई निलाजरी म्हणाल्या होत्या, तिच्याच पंगतीत आता आपणही, हे त्यांना जिव्हारी लागलं.

"उठले कुठं?" त्या म्हणाल्या. "पडलेलीच हाय अजून. चल मांडवात. त्यो कागदबी घे, परत काढायला."

"चुलीत घाल म्हणल्या व्हत्या की."

"घातला का?"

"न्हाई."

मांडवात बाया अजून रेंगाळत होत्या. नर्मदाबाईंनी डबा किशनरावांच्या हातात कोंबला आणि त्या आपल्याच रांगोळीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"पंचफुला, इकडं ये. ही रांगोळी चुकलीय. अंगण खराब झालंय. पूस."

पंचफुलानं आधी हेमाकडं पाहिलं. मग पदर खोचला, खाली बसली आणि अगदी मनापासून पुसू लागली.