कोरडी खोळ

नातीच्या बाटलीत पाणी दिवसभर गार राहतं. आमच्या वेळी त्याला थोडी अक्कल लागायची.

१९७८ साली मी काकतीहून बेळगावला धावायला जायची. उन्हात दोनदा घेरी येऊन पडले, तेव्हा आप्पांनी बजावलं, "आता पडलीस तर धावणं बंद." मिलिटरीतल्या अण्णाने मला आपली पाण्याची बाटली दिली. तिला जाड लोकरी खोळ होती. खोळ भिजून कुजू नये म्हणून आईने वरून प्लास्टिक शिवलं.

स्पर्धेच्या दिवशी पाणी चहासारखं तापलं. शेजारी बसलेली निपाणीची शेवंता हसली. "बाटलीला रेनकोट कशाला गं?"

तिने प्लास्टिकचे टाके उसवले आणि बाटली खोळीसकट टाकीत बुडवली.

"आई मारंल गं," मी म्हटलं.

"मारू दे. खोळ ओली असली तरच पाणी गार ऱ्हातंय. आमच्या वखारीत पिंपाला ओलं पोतं गुंडाळत्यात, तसंच."

बाटली तिने वाऱ्याला टांगली. तासाभराने पाणी खरंच गार लागलं. मी धावले, चौथी आले.

घरी आप्पांनी नंबर विचारलाच नाही. "पडलीस काय?"

"न्हाय."

"मग उद्या कितीला जायचंय?"