उलटलेल्या होडीखाली

मी एक चाकू आहे. भाजी चिरणारा नव्हे, खलाशाच्या कमरेला बांधलेला. कारखान्यात माझ्यासारखे शेकडो घडले, पण माझं नशीब बलवत्तर, म्हणून मी घोरपडीच्या हाती पडलो.

घोरपड हे त्याचं टोपणनाव. नौदलात नवा असताना, हाताची सालटी निघाली तरी त्याने भर वाऱ्यात निसटणारा दोर सोडला नव्हता. तेव्हापासून जहाजावर त्याला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारली नाही. पुढे कित्येक वर्षं आम्ही दोर कापले, रंगाचे पापुद्रे खरवडले. लढाई काही झाली नाही. मला वाटलं, आपलं आयुष्य असंच जायचं.

मग एका दुपारी खवळलेल्या समुद्रात मासेमारीची होडी उलटलेली दिसली. तिच्या पाठीवर चिकटलेल्या तिघांना दोर टाकून वर घेतलं. चौथा आत अडकला होता.

"पाणबुडे येईपर्यंत थांब," कप्तान घोरपडीला म्हणाले.

"साहेब, तो आतून ठोकतोय. तोवर टिकायचा नाही."

कप्तानांनी होडीकडे पाहिलं. "कमरेला दोर बांधून जा."

होडीखाली मिट्ट काळोख. वर वीतभर हवा, त्यात एका म्हाताऱ्याचं तोंड, खाली पायाला जाळ्याचा विळखा. घोरपडीने मला उपसलं.

"घाबरू नका, बाबा. म्हणजे, घाबरलोय मीही. पण कापाकापी मला चांगली जमते."

म्हातारा चक्क हसला.

घोरपड बुडी मारायचा, चार धागे कापायचा, श्वासाला वर यायचा. लाटेगणिक हवा कमी होत गेली. शेवटच्या बुडीला तो वर आलाच नाही. पाय मोकळा होईपर्यंत कापत राहिला. त्याने म्हाताऱ्याला बाहेर ओढलं आणि मागे होडी गडप झाली. मी पोलादाचा, पण त्या दिवशी कळलं, पोलाद कशाला म्हणतात.

शौर्यपदक मिळालं, बढती मिळाली. घरी बायकोने विचारलं, "भीती नाही वाटली?"

"वाटली ना. पण त्याला जास्त वाटत होती."

निवृत्तीनंतर पदक भिंतीवर गेलं, मी खणात गंजत पडलो. काल त्याने मला घासूनपुसून धार लावली आणि आज नौदलातल्या पहिल्या जहाजावर निघालेल्या लेकीच्या हाती दिलं.

"बाबा, तिथं नवा मिळतो."

"मिळू दे. हा असू दे जवळ."

जहाज सुटतंय. तो धक्क्यावर अजून उभाच आहे. घोरपडी, आता घरी जा. काळजी करू नकोस असं मी म्हणणार नाही. समुद्र मीही पाहिलाय.