कापलेल्या पायांचा पिंजरा

मित्रांनो, मी एक जुना साक्षीदाराचा पिंजरा आहे, आणि आमच्या तांबोळीसाहेबांना बढती मिळून ते वरिष्ठ न्यायाधीश झाले. कचेरीत पेढे वाटले. आता हे विसरा. असं काही घडलंच नव्हतं, असं पुढं वरून कळवण्यात आलं. पेढे तेवढे परत मागितले नाहीत.

मी मुळशी खोऱ्यातल्या सागाचा. वाल्मीक सुतारानं मला कठडा दिला आणि गुडघाभर उंच पाय लावले, म्हणजे साक्षीदार साऱ्यांना दिसावा. माझ्यात उभं राहून माणसं खरं बोलली, खोटं बोलली. खोट्याचा भार जास्त असतो म्हणतात. मला कधी जाणवला नाही.

अलाउद्दीन तांबोळीसाहेब १९७८ साली आमच्याकडं न्यायाधीश म्हणून आले. आधी घोडनदीला वकिली केलेली, तिथल्या वकिलांचे ते अध्यक्ष. साक्षीदारावर ओरडायचं नाही, हा नियम त्यांनी तिथल्या वकिलांच्या गळी उतरवला होता. इथंही पहिल्याच दिवशी सांगितला. इथली वकील मंडळी दुखावली. काहींना ओरडण्यापलीकडं कायदा येत नव्हता. त्यांनी साहेबांवर डूख धरला.

मग उरवड्याच्या सारजाबाईचा दावा आला. नवरा वारलेला, सासरे हैबतराव जमिनीत वाटा देईनात. साक्षीला पुकारलं तेव्हा बाई माझ्यापाशी आली आणि थबकली. समोरच्या बाकावर सासरे होते.

"मामंजी खाली अन् मी वर? न्हाई जमायचं."

"बाई, साक्ष दिली नाहीस तर दावा पडेल," साहेब म्हणाले.

"पडू द्या. पर त्यांच्या वर मी उभी ऱ्हायची न्हाई."

खालूनच बोलू द्यावं, तर हैबतरावांचे वकील जयसिंगराव उठले. साक्ष पिंजऱ्यातूनच हवी म्हणाले. सासऱ्यांना बाहेर पाठवता येईना, त्यांना हजर राहायचा हक्क होता. बाक टेबलावर ठेवला असता, तर हैबतराव न्यायाधीशांच्याही वर गेले असते.

"वाल्मीकला बोलवा. याचे पाय काढू," साहेब म्हणाले.

कारकून कानाशी लागला. "साहेब, सरकारी लाकूड आहे. तुमच्या बढतीची शाई अजून ओली आहे."

"वाळेल. बोलवा त्याला."

ज्यानं लावले त्यानंच माझे पाय कापले. करवतही तीच होती.

सारजाबाई माझ्यात उभी राहिली. त्याबरोबर हैबतराव बाकावरून उतरून फरशीवर बसले.

"हैबतराव, वर बसा."

"कंबर धरलीया सायेब. हितंच बरं वाटतंय."

सारजाबाईही खाली बसली. हैबतरावांनी आणखी खाली जायला जागा शोधली. उरली नव्हती, म्हणून ते आडवे झाले आणि त्यांनी डोळे मिटले.

सारजाबाईनं त्यांच्याकडं नीट पाहिलं आणि पदर सावरला. "मामंजी निजल्यात. आता बोलते. घरीबी असंच बोलावं लागतंय."

आणि ती बोलली. रानाची कोणती पडीक पट्टी नवऱ्यानं फोडली, कोणता बांध तिनं घातला, सगळं. हैबतरावांना मध्ये बोलता येईना. बोलले असते तर जागे ठरले असते. बाईला वाटा मिळाला.

वकिलांनी मात्र वर तक्रार केली: न्यायाधीश सरकारी सामान मोडतात आणि पक्षकारांना झोपवतात. चौकशी आमच्याच कोर्टात बसली. साहेबांना माझ्यात उभं केलं. इतकी वर्षं माझ्याकडं वरून पाहणारा माणूस पहिल्यांदा माझ्या कठड्याला धरून उभा होता.

"पाय कापायला कुणी सांगितलं?"

"मी."

लिहून घेतलं आणि संपलं. का कापले, हे कुणी विचारलं नाही. साहेब बढतीआधीच्याच हुद्द्यावर दूर बदलून गेले आणि तिथूनच निवृत्त झाले.

आता मी मागच्या ओट्यावर असतो. माझ्यावर फडकी वाळतात. मला हात नाहीत मित्रांनो, म्हणून पुढचं तुमच्यापैकी कुणीतरी लिहून द्या:

तरी विनंती की, सदर चौकशी पुन्हा उघडून अर्जदार पिंजऱ्यास साक्षीदार म्हणून पुकारावे. पाय का कापले, हे अर्जदारास समक्ष माहीत आहे. अर्जदारास उभे राहण्यासाठी दुसरा पिंजरा पुरवावा. अर्जदार खरे बोलेल. कळावे.