राव लावलेलं नाव

पलूसात तेव्हा, म्हणजे नव्याण्णव साली, इंटरनेटला आम्ही ‘लाइन लावणं’ म्हणायचो. मी लाइन लावली की घरचा फोन बंद, आणि फोन बंद झाला की आमचे सासरे, आण्णा, दारात हजर. “कवा मोकळा हुतोय गं ह्यो?”

काम सोपं होतं. पुण्याची एक कंपनी कुठल्याशा दूध संघाच्या जुन्या सभासद रजिस्टरातल्या पानांचे फोटो पाठवायची, आम्ही टाइप करून परत धाडायचो. इकडची नावं इकडच्यांनाच वाचता येतात, म्हणून टाइप करणाऱ्या सगळ्या सांगली जिल्ह्यातल्याच. कोण कुठली, कुणालाच ठाऊक नाही. मी नंबर सतरा. दिसेल तसं टाइप करा, अक्कल चालवू नका, एवढाच नियम. प्रत्येक पान दोघींकडे जायचं, दोघींचं जुळलं तर पास. तीनदा नाही जुळलं की नंबर कायमचा बंद. माझं दोनदा झालं होतं.

टायपिंग मला नणंदेनं, अंकितानं शिकवलेलं. तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं आणि जिल्ह्यातच, आटपाडीला गेली. चार वर्षं आण्णांनी तिचं नाव घरात घेऊ दिलं नव्हतं. ती गेल्यावर ह्या घरात माझं म्हणावं असं हे कामच काय ते उरलं होतं. ते गेलं असतं तर मला वेड लागलं असतं, खोटं कशाला बोलू?

त्या मंगळवारी पान धाडलं आणि मग तपासायला बसले. आमचं शहाणपण हे असं, उशिराचं. चाळीस नावं. बाविसावं कागदावर ‘हंबीर ज्ञानू’, आणि मी टाइप केलेलं ‘हंबीरराव ज्ञानू’. आण्णांचंच नाव. बिराप्पा, जोतीराम, सगळे होते तसे ठेवले, पण ह्या एकाला हातानं आपसूक राव लावला. नुसतं हंबीर ह्या घरात कधी कुणी म्हटलंच नव्हतं.

दिवसभर तासातासाला लाइन लावून बघत होते. भाजी करपली. आण्णा वैतागले. “काय बिघडलंय ते तरी सांग.”

सांगितलं.

“माज्या नावापायी जातंय व्हय तुजं काम,” म्हणाले आणि तिथंच खुर्चीत बसून राहिले.

चार वाजता निकाल आला. पान पास, एकही फरक नाही. मी दोनदा वाचलं. म्हणजे दुसरीनंही चाळिसातल्या त्या एकाच नावाला राव लावला होता. आता हे सांगू की गिळून टाकू? आण्णा भडकले तर कॉम्प्युटरच उचलून बाहेर ठेवतील. पण नाही राहवलं.

“पास झालं, आण्णा. दुसरीनंबी राव लावलाय. एकट्या तुम्हाला.”

“दुसरी कोन?”

“नाव कळत नाही. पण टायपिंग येतं, आणि तुमचं नाव तिला नुसतं लिहवत नाही.”

आण्णा स्क्रीनकडे वाकले. त्यांना त्यातलं काही वाचता येत नव्हतं.

“लाइन काढ,” म्हणाले. “फोन मोकळा कर. आनि अंकीचा नंबर दे. तुज्याकडं असनार, मला ठावं हाय.”